पहिली प्रत्यंचा: बारा धागे, दोन पेड

माझी पहिली दोरी धनुष्यावर चढवता चढवताच उकलली. दिसायला बरी होती. दोन रंगांचे पेड एकमेकांत छान बसले होते आणि चार जणांना दाखवून कौतुकही करून घेतलं होतं. धनुष्य वाकवायला घेतलं, तसा वरचा फास हळूच सरकला, लांबला आणि त्याची शेपटं मोकळी होऊन लोंबायला लागली. ताण अजून फारसा आला नव्हता म्हणून निभावलं. चूक सापडायला अर्धी संध्याकाळ गेली. फास वळताना पेडांना जो वळसा दिला होता, नेमका त्याच्या उलट पीळ मी शेवटी अख्ख्या दोरीत भरला होता. आधी बांधलेलं नंतर आपल्याच हाताने सोडवत बसलो होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा काडीही न लावता गेला.

तेव्हापासून दोरी वळताना दोनच गोष्टींवर डोळा ठेवतो: पीळ कुठल्या दिशेचा आहे, आणि सगळे धागे एका ताणात आहेत का. पुढे सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहेत.

कुठली दोरी वळायची

पारंपरिक धनुष्यांवर दोन प्रकारच्या दोऱ्या दिसतात. एक अखंड दोरी: एकच लांब धागा दोन खुंट्यांभोवती फेऱ्या घालत गुंडाळायचा आणि दोन्ही टोकांना दुसऱ्या धाग्याने आवळून फास करायचे. ही सरळ आणि नीटस होते, पण खुंट्यांचं अंतर चुकलं तर नंतर फारसं हातात राहत नाही. दुसरी फ्लेमिश पद्धतीची, म्हणजे धाग्यांचे पेड एकमेकांवर वळून केलेली. तिचे फास पिळातूनच तयार होतात, त्यांना गाठ नसते. पीळ कमी-जास्त करून लांबी थोडी बदलता येते. नवख्याने हीच शिकावी. मापात अर्ध्या इंचाची चूक झाली तरी ती सांभाळून घेते.

आधी धनुष्य नीट बघा

तीन गोष्टी कळल्याशिवाय धाग्याला कात्री लावू नका: धनुष्याची लांबी, त्याचं पाउंडेज म्हणजे पूर्ण ओढताना लागणारा जोर, आणि टोकांच्या खाचांची मजबुती.

लांबी आणि पाउंडेज बहुधा खालच्या लिंबवर लिहिलेलं असतं. (लिंब म्हणजे धनुष्याचा मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, झाडाशी संबंध नाही.) ६६″ @ ४० असं काही लिहिलं असेल तर धनुष्य ६६ इंची आणि ४० पौंडांचं. लॉंगबोची, म्हणजे सरळ लिंबच्या लांब धनुष्याची, दोरी धनुष्याच्या लिखित लांबीपेक्षा साधारण ३ इंच आखूड ठेवतात, रिकर्वची, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची, साधारण ४ इंच. ही लांबी फासाच्या टोकापासून फासाच्या टोकापर्यंत, ताणलेल्या दोरीची. जुनी दोरी हाताशी असेल आणि तिच्यावर धनुष्य चांगलं चालत असेल, तर सगळे हिशेब बाजूला ठेवून तिचंच माप घ्या.

खाचांचं महत्त्व धाग्यामुळे येतं. डॅक्रॉनचा धागा थोडा ताणला जातो, त्यामुळे बाण सुटताना बसणारा झटका तो स्वतःत घेतो. फास्ट फ्लाइटसारखे नवे धागे जवळजवळ ताणलेच जात नाहीत. बाण जरा वेगाने जातो खरा, पण तो झटका सरळ लिंबच्या टोकांवर जातो. टोकं त्यासाठी मजबूत केलेली नसतील तर खाच चिरते. जुनं धनुष्य असेल, किंवा कोणी बनवलं आणि कशासाठी बनवलं हे ठाऊक नसेल, तर डॅक्रॉनच वापरा. यात मला दुसरं मत मान्य नाही.

धागा

डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. प्रत्यंचेसाठी विकला जाणारा डॅक्रॉन मेण लावून, रिळावर गुंडाळलेला मिळतो. बी-५० हे त्याचं जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. बी-५५ हा त्याच जातीचा. एका धाग्याची ताकद साधारण ५० पौंड असते. किती धागे घ्यायचे याचा रूढ हिशेब असा: २५ ते ३५ पौंडांच्या धनुष्याला १०, ३५ ते ४५ ला १२, ४५ ते ५५ ला १४ आणि त्यापुढे १६.

बारा धागे म्हणजे ६०० पौंड, आणि धनुष्य चाळीस पौंडांचं. एवढी ताकद कशाला, असा प्रश्न पडतोच. दोरी ओढताना लागणाऱ्या जोरापेक्षा बाण सुटून ती थांबते त्या क्षणीचा झटका कितीतरी मोठा असतो. शिवाय दोरी फार बारीक झाली तर बाणाच्या नॉकमध्ये, म्हणजे दोरीवर बसणाऱ्या मागच्या खाचेत, ढिली बसते आणि बोटांना कापते. जाडीचा निम्मा हिशेब हा बोटांचा आणि नॉकचा असतो.

नैसर्गिक धाग्याची हौस मलाही आहे, पण पहिल्या दोरीला नको. जवसाचा धागा, भांगेचा धागा, रेशीम, जनावरांच्या स्नायूंचे तंतू, कच्चं कातडं, या सगळ्यांच्या दोऱ्या माणसाने वापरल्या आहेत. प्रत्यंचेला संस्कृतात मौर्वी म्हणतात ते मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या तंतूंवरून. पुढे कधी जवसाच्या धाग्याची दोरी वळलीत, तर एक धागा वजन टांगून तोडून बघा आणि सगळ्या धाग्यांची मिळून ताकद पाउंडेजच्या निदान चौपट भरेल इतके धागे घ्या. मी त्यावर चार-सहा जास्तच घालतो. जवस ओला झाला तर कमजोर होत नाही, उलट थोडा बळकट होतो. स्नायू आणि कातडं मात्र ओलीत लांबतं, सैल पडतं. सुती दोऱ्याच्या वाटेला जाऊ नका, तो फार ताणतो.

सामान

दोन रंगांचा डॅक्रॉन, समजा लाल आणि काळा. दोन रंग शोभेसाठी नाहीत. कुठला पेड कुठला हे फास जुळवताना क्षणात कळावं म्हणून आहेत. एकाच रंगाने केलेल्या माझ्या एका दोरीत एका पेडात पाच आणि दुसऱ्यात सात धागे निघाले होते, आणि ते कळलं दोरी पूर्ण झाल्यावर.

याशिवाय मधमाशीचं मेण, धारदार कात्री, मापपट्टी, भिंतीत किंवा फळीवर घट्ट बसवलेले दोन खिळे, मधल्या गुंडाळीसाठी नायलॉनचा वेगळा धागा आणि तो ताणून धरणारी सर्व्हिंग जिग. धनुष्य वाकवायला स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवताना लिंब वाकवून धरणारं साधन, हवाच. पायात अडकवून धनुष्य वाकवण्याची सवय असेल तर रिकर्वच्या बाबतीत ती सोडा, लिंब पिरगळतात.

धागे कापणं

उदाहरणाला वरचंच धनुष्य घेऊ: ६६ इंची लॉंगबो, ४० पौंड. दोरी हवी ६३ इंचांची, धागे १२, म्हणजे ६-६ चे दोन पेड.

प्रत्येक धागा ७९ इंचांचा कापा. पेडातले सहा धागे एकाच रेषेत ठेवायचे नाहीत. प्रत्येक पुढचा धागा अर्धा इंच पुढे सरकवायचा, पायऱ्यांसारखा. त्यामुळे पेडाची एकूण लांबी ८१ इंचांच्या वर जाते आणि दोन्ही टोकं निमुळती होतात. ही निमुळती टोकं पुढे दोरीच्या अंगात मुरवायची आहेत. सगळे धागे एकाच ठिकाणी संपले तर तिथे दोरी एकदम जाडाची बारीक होते. पीळ तिथेच सुटायला लागतो, आणि तुटायची वेळ आली तर दोरी तिथूनच तुटते.

पेड तयार झाला की एक टोक खिळ्याला अडकवून सहाही धागे बोटांतून दोन-तीनदा सरसर ओढा. एखादा ढिला धागा लोंबत असेल तर आत्ताच दिसतो. वळल्यानंतर तो लपतो, पण असतो तिथेच: बाकीचे पाच भार घेतात आणि तो नुसता फिरायला आलेला असतो. मग दोन्ही टोकांच्या १० इंचांना भरपूर मेण चोळा, सहा धागे एकच दोरा वाटेपर्यंत.

वरचा फास

आता या कृतीचा गाभा. इथे घाई करू नका. पहिल्यांदा मला एका फासाला वीस मिनिटं लागली होती.

दोन्ही पेड शेजारी ठेवा. सगळ्यात लांब टोकापासून ९ इंचांवर दोन्ही डाव्या हाताच्या चिमटीत धरा. नऊ इंचांची शेपटं उजवीकडे आणि दोरीचं लांब अंग डावीकडे.

उजव्या हाताने तुमच्यापासून लांबचा पेड घ्या. त्याला तुमच्यापासून दूर जाणारा पीळ द्या, दोन-तीन वेळा, घट्ट. पीळ सुटू न देता तो पेड दुसऱ्याच्या वरून आपल्याकडे आणा. आता दुसरा पेड लांब गेला. त्यालाही तसाच दूरचा पीळ, आणि वरून आपल्याकडे. डाव्या हाताची चिमट दर वेळी थोडी पुढे सरकवत राहा.

पीळ दूर, वळसा जवळ. मनात हेच घोकत राहा.

दोन्ही दिशा उलट असल्यामुळेच दोरी टिकते. पेड उकलायला बघतो तेव्हा वळसा घट्ट होतो, आणि वळसा सुटायला बघतो तेव्हा पेड. दोघे एकमेकांना अडवून धरतात. अशी ३ इंच दोरी झाली की थांबा, सोडून बघा. ती हातात शांत पडून राहिली पाहिजे. स्वतःभोवती कुरळी होत असेल तर पीळ जास्त झालाय, फाकत असेल तर कमी.

ही ३ इंच दोरी दुमडा. झाला फास. वरचा फास जरा मोठा ठेवतात, कारण दोरी उतरवली की तो लिंबवरून खाली सरकून बसतो, खालच्याला २.५ इंच पुरतात. आता लाल शेपूट लाल पेडाला आणि काळं शेपूट काळ्या पेडाला जुळवा. फासाच्या मुळाशी घट्ट चिमट धरून पुन्हा तेच सुरू करा: दूर पीळ, जवळ वळसा, पण आता प्रत्येक पेडात शेपूटही सामील आहे. पहिले चार-पाच वळसे अंगातली ताकद लावून घट्ट घ्या. सगळा भार याच जागी येतो.

साधारण ६ इंचांत शेपटं एकेक करून संपत जातील. शेवटचा धागा दिसेनासा झाला की त्यापुढे आणखी दोन-तीन वळसे घेऊन थांबा.

मधला भाग आणि खालचा फास

फास खिळ्याला अडकवा आणि दोन्ही पेड वेगवेगळे, समांतर ओढून धरा. मधे एकमेकांवर चढले असतील तर बोटाने सोडवत टोकापर्यंत जा. आता दोन्ही पेड सारखे ताणलेले असताना फासाच्या वरच्या टोकापासून ६२ इंचांवर खूण करा. दोन्ही पेडांवर, एकाच वेळी. दोरीची लांबी इथेच ठरते. एक पेड सैल धरून खूण केलीत तर सैल पेड कायमचा सैल राहील आणि दोरी एका पेडावर चालेल.

६३ ची दोरी आणि खूण ६२ वर का? खालचा फास खुणेच्या पुढे सव्वा इंच जाईल. वळताना आणि पीळ भरताना दोरी थोडी आखडेल. आणि नवं डॅक्रॉन पहिल्या काही दिवसांत ताणून बरंच परत देईल. सगळं मिळून हिशेब जवळपास जमतो.

आता पहिला फास खिळ्यातून काढा आणि मोकळा लोंबू द्या. दुसरं टोक वळताना मधल्या अंगात उलटा पीळ साचत जातो. टोक मोकळं असेल तर तो फिरून निघून जातो. अडकलेलं असेल तर शेवटी मधला भाग एखाद्या चिडलेल्या सापासारखा वेटोळी घालतो. दर काही वळशांनी थांबून दोन पेडांमधून बोट फिरवत खाली न्या.

बाकी कृती अगदी तीच. खुणेवर चिमट, शेपटं उजवीकडे, पीळ दूर, वळसा जवळ. टोक दुसरं आहे म्हणून दिशा बदलावी असं वाटतं, ती बदलायची नाही. पिळाची जात दोरी कुठूनही पाहिली तरी तीच राहते. शेपटं इथे थोडी जास्त लांब निघतील. निमुळतेपणा राखून जास्तीची कापा किंवा तशीच मुरवून टाका.

काहींना खाली फास नको असतो. ते खालचं टोक नुसतं निमुळतं वळतात आणि लिंबला टिंबर हिचने बांधतात: दोरी खाचेभोवती फिरवायची, स्वतःच्याच अंगाखालून घ्यायची आणि फेऱ्याच्या कडेने तीन-चार वळसे देऊन आवळायची. ताणात ती घट्ट धरते, सैल सोडली की सुटते आणि लांबी हवी तशी बदलते. साध्या लाकडी धनुष्याला उत्तम.

पीळ भरणं आणि चढवणं

दोन्ही फास तयार झाले की एक खिळ्याला अडकवा, दुसऱ्यात बोट घालून दोरी ताणा आणि पीळ भरायला लागा. दिशा कुठली? फासाखालच्या वळलेल्या भागाकडे बघा. ज्या दिशेने फिरवल्यावर तो अधिक घट्ट होतो, ती. तो भाग फाकायला लागला तर लगेच उलटे फिरा. माझी पहिली दोरी आठवा. साधारण २० ते ३० फेऱ्या भरा. मधला भाग गोल आणि एकजीव दिसायला लागतो.

मग स्ट्रिंगरने चढवा. पहिल्यांदा चढवताना तोंड लिंबच्या रेषेत नको, आणि स्ट्रिंगर काढण्याआधी दोन्ही फास खाचेत पूर्ण बसलेत का ते बोटाने चाचपून बघा. मग लगेच पूर्ण ओढू नका: आधी चौथाई, मग अर्धी, मग पूर्ण. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणाने न्यायची सगळी ताकद लिंबमध्येच राहते आणि धनुष्य तडकतं. दोरी तुटली तर नेमकं तेच होतं. म्हणून ही सगळी काळजी.

चढवलेल्या धनुष्यात मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. लॉंगबोला ती ६ ते ७ इंच असते, रिकर्वला ७ ते ९. बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. शाळेत वर्तुळाच्या कंसाची दोन टोकं जोडणाऱ्या रेषेला जीवा म्हणतात हे शिकलो होतो. जीवा म्हणजे धनुष्याची दोरीच. तेच चित्र डोळ्यांपुढे आणा: जीवा किंचित आखूड झाली की कंस चांगलाच फुगतो. दोरी पाव इंच आखडली तर ब्रेस हाइट त्याहून बरीच जास्त वाढते. म्हणून बदल थोडा थोडा करा. दोरी उतरवा, खालचा फास काढा, चार-पाच फेऱ्या भरा, पुन्हा चढवा. चाळीसच्या वर फेऱ्या भरूनही ब्रेस हाइट येत नसेल, तर दोरी लांब झाली आहे. पीळ कोंबत बसू नका. अति पिळलेली दोरी स्प्रिंगसारखी वागते. तिची शेपटं सोडवा आणि खालचा फास नव्याने वळा.

आता सगळ्यात कंटाळवाणी पायरी, जी जवळजवळ सगळेच गाळतात: थांबणं. धनुष्य रात्रभर चढवलेलं ठेवा. लाकडी धनुष्य असेल तर असं ठेवू नका, लिंब वाकलेल्या आकारातच बसतात. त्याऐवजी तीस-चाळीस बाण सोडून घ्या. दोरीतले थोडेफार मागे-पुढे झालेले धागे या काळात एका ताणात येतात. सकाळी ब्रेस हाइट उतरलेली दिसेल. पीळ भरून ती परत आणा. ती दोन-तीन बैठकांत स्थिर राहिली, मगच पुढे जा. ताण बसायच्या आधी मधली गुंडाळी केलीत तर ती खाली सरकते, ढिली होते आणि सगळं परत करावं लागतं.

मधली गुंडाळी

जिथे बाणाचं नॉक बसतं आणि बोटं दोरी पकडतात, तिथे नायलॉनच्या धाग्याची घट्ट गुंडाळी करतात. तिला सगळे सर्व्हिंगच म्हणतात. ती नसेल तर काही दिवसांत मधले धागे झिजतात.

काम चढवलेल्या धनुष्यावर करा. नॉक जिथे बसेल तिच्या अडीच इंच वर सुरू करून साडेचार इंच खाली संपवा, म्हणजे ७ इंच. खाली जास्त, कारण हातावरच्या पट्ट्याला दोरी तिथेच घासते.

धाग्याचं टोक इंचभर दोरीला समांतर ठेवा आणि त्याच्यावरूनच हाताने १०-१५ वेढे घट्ट घाला. टोक आत गाडलं गेलं की उरलेलं कापा आणि जिगने पुढे चला. वेढ्यांची दिशा दोरीच्या पिळाचीच हवी. मग पुढे कधी दोरीत पीळ वाढवला तर गुंडाळीही आवळली जाते. उलट असेल तर दर वेळी सैल होत जाईल. जिगचा ताण इतका ठेवा की वेढा बोटाने ढकलून सरकणार नाही. दोन वेढ्यांत फट नको, वेढ्यावर वेढाही नको.

शेवट करणं हे हातात बसायला वेळ लागतो. शेवटची जागा आली की धाग्याचा मोठा सैल फेरा सोडा. टोक दोरीवर पुढे न्या आणि फेऱ्याच्या आतून, गुंडाळीच्या दिशेने मागे येत १०-१५ वेढे उलटे घाला. मग टोक दोरीला समांतर धरून तोच मोठा फेरा नेहमीच्या दिशेने गुंडाळत राहा. एकीकडे उलटे वेढे सुटत जातील, दुसरीकडे सुलटे वेढे टोकाला आत गाडत जातील. सगळे संपले की टोक ओढा, फेरा आत जाईल, उरलेलं कापा. पहिल्या खेपेला जमणार नाही. पेन्सिलीवर जाड सुतळीने दोनदा करून बघा, एकदम उलगडतं.

काही जण टोक काडीने वितळवून गोळी करतात. मी करत नाही. फास्ट फ्लाइटच्या जातीचा धागा साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो आणि ज्योत त्याच्या कितीतरी वर असते. नीट गाडलेल्या टोकाला गोळीची गरज पडत नाही.

नॉक कसं बसतं ते बघा

धनुष्य आडवं धरून बाण दोरीला अडकवा, टोक खाली लोंबू द्या. बाण आपल्या वजनाने पडता कामा नये. मग नॉकपासून इंच-दोन इंचांवर दोरीला बोटाने टिचकी मारा, पडला पाहिजे. टिचकीनेही पडत नसेल तर नॉक घट्ट आहे, बाण सुटताना अडखळेल. आपणहून पडत असेल तर ढिलं, आणि हे जास्त धोक्याचं: ओढताना बाण निसटला तर दोरी रिकामी सुटते. उपाय सोपा: गुंडाळीचा धागा जाड किंवा बारीक घ्या.

मग नॉकिंग पॉइंट. बाण दर वेळी एकाच जागी बसावा म्हणून दोरीवर केलेला अडसर. काटकोनी पट्टी दोरीला लावून बाणाच्या बैठकीच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेच्या, पातळीपासून साधारण अर्धा इंच वर खूण करा आणि तिथे बारीक धाग्याने आळीपाळीने पुढे-मागे गाठी मारत छोटा कडा बांधा. दात साफ करायचा मेणाचा धागा यासाठी झकास चालतो. बाण त्या कड्याच्या खाली बसतो. घट्ट पक्का करण्याआधी वीसेक बाण सोडा. बाण बैठकीवर आपटून उसळत असेल तर कडा थोडा वर न्या. पितळी कड्या मिळतात, त्या चालतात, पण बोटाखाली मला टोचतात.

मेण

गुंडाळी सोडून बाकी सगळ्या दोरीला मेण लावा. मी चार भाग मधमाशीच्या मेणात एक भाग राळ घालतो, राळेने चिकटपणा येतो. वितळवायचं तर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. मेण ६५ अंशांच्या आतच वितळतं, थेट आचेवर ठेवलं तर पेट घेऊ शकतं. मेण चोळल्यावर चामड्याच्या तुकड्यात दोरी धरून जोरात वर-खाली घासा. ऊब येते आणि मेण आतल्या धाग्यांपर्यंत जातं. वर राहिलेलं जास्तीचं काढायला एक धागा दोरीभोवती एकच वेढा घालून वरपासून खालपर्यंत ओढत न्या. किती मेण निघतं ते बघून आश्चर्य वाटेल.

दोरीवर बारीक लव उभी दिसायला लागली की मेणाची वेळ झाली. धुळीत किंवा पावसात गेल्यावर तर लगेच.

कधी बदलायची

धनुष्य चढवण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही फास आतून बघा. लिंबच्या खाचेत घासणारी बाजू बाहेरून दिसत नाही. गुंडाळी झिजली तर नुसती गुंडाळी बदलता येते. फासातला किंवा अंगातला एक जरी धागा तुटलेला दिसला तर दोरी संपली. बारातला एक गेला, अकरा आहेत की, असं मन म्हणतं. पण एक तुटला त्याचं कारण बाकीच्या अकरांनाही लागू असतं. ब्रेस हाइट काही कारण नसताना रोज उतरायला लागली तर आत काहीतरी सरकतंय, तेव्हाही दोरी उतरवा.

दुसरी दोरी वळून, ताणून, तीस-चाळीस बाण सोडून तयार ठेवा आणि तिच्या चिठ्ठीवर ब्रेस हाइट आणि धाग्यांची संख्या लिहा. निवृत्त दोरीचे दोन्ही फास कात्रीने कापून टाका, नाहीतर कुणीतरी ती चुकून चढवतं. उरलेला मधला भाग मात्र उकलून बघा, पेड वेगळे करा, धागे मोजा. कुठला धागा चपटा झालाय आणि कुठला अजून गोल आणि कोरा आहे हे दिसेल. कोरा धागा म्हणजे खिळ्यावर ओढून बघताना तुमच्या बोटांतून ढिला निसटलेला.